शिळेच्या डाव्या कडेची खाच

माझ्या नावावर आयुष्यात एकच शोध आहे, तोही दगडाचा. बाकी सारी हयात जळगावच्या एका शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, म्हणजे दुसऱ्यांनी लावलेले शोध मुलांकडून पाठ करून घेण्यात गेली. त्यामुळे हा एक शोध मी जरा जपूनच ठेवला होता. घरी पाहुणे आले की आधी पोहे, मग चहा आणि मग शोध. बायको चहाच्या वेळीच काहीतरी काम काढून आत निघून जायची.

तो दगड म्हणजे एक वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी पूर्वी उभी करत, तशी कोरीव शिळा. सावद्याजवळच्या आमच्या शेतात, केळीच्या बागेच्या बांधावर ती कमरेइतकी उभी होती. तांबूस, नरमसर दगड. वर घोड्यावर बसलेला माणूस, खाली तोच माणूस आडवा पडलेला, आणि त्याच्याही खाली झिजून गेलेलं काहीतरी. घरात कुणी तिला वीरगळ म्हणत नसे. सगळे 'बांधावरचा बाबा' म्हणायचे. बागेतला पहिला घड उतरला की त्यातली एक फणी बाबासमोर ठेवायची आणि मगच बाकीचा माल गाडीत चढवायचा, एवढाच त्याचा मान. फणी ठेवायचं काम अक्काचं. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याच घरात राहिली. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांना घरात धाक होता तो फक्त अक्काचा.

आता शोध सांगतो. शिळेच्या दोन्ही कडा घासून खाचा पडल्या होत्या. उजव्या कडेला तीन-चार, उथळ. डाव्या कडेला एकच, पण चांगली खोल. वीरगळावर तलवारी घासत, असं मी कुठंतरी वाचलं होतं. त्यावरून माझं डोकं चालू लागलं. उजव्या हाताचा माणूस उजव्या कडेवर हत्यार घासणार. मग डाव्या कडेवर घासणारा डावखुरा असला पाहिजे. खाच एवढी खोल आहे, म्हणजे तो पुन्हापुन्हा येत असला पाहिजे. बापाच्या शिळेपाशी पुन्हापुन्हा कोण येईल? मुलगा. म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा डावखुरा मुलगा दर दसऱ्याला इथं येऊन बापाच्या दगडावर आपल्या तलवारीला धार लावत असला पाहिजे. हे सुचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी लेख लिहिला, तो एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसकट छापून आला, आणि शिक्षकांच्या खोलीत मी पुरता आठवडाभर मोठा माणूस होतो.

त्याच सुमाराला शेतात ठिबकच्या नव्या नळ्या टाकायच्या म्हणून बांध सपाट करायचं ठरलं. शिळा हलवावी लागणारच होती. दुसऱ्या बांधावर नेऊ, असं अक्काचं म्हणणं. संग्रहालयाला देऊ, असा माझा हट्ट. सातपुड्यात धरणाचा मोठा जलाशय आहे, त्याच्या काठी एक लहानसं संग्रहालय तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मी अक्काला संरक्षण, संवर्धन, वारसा असे तीन शब्द एका दमात ऐकवले. ती म्हणाली, "अन् तठी त्याले फनी कोन दाखवीन?" मी म्हणालो, मी दरवर्षी तुला घेऊन जाईन. आबांनी शिळा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली, खाली गव्हाच्या काडाचा जाड थर घातला आणि घाटातून इतक्या हळू ट्रॅक्टर नेला की मागच्या बसवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून नाद सोडला.

तिथं छोटा कार्यक्रम झाला. मी पाऊण तास बोललो. वीर, वीरपुत्र, दसरा, तलवार. आबा मागं, ट्रॉलीला पाठ टेकवून, टोपी हातात धरून उभे होते. उतरताना मी विचारलं, कसं झालं? "बरं बोलला," म्हणाले. आबांकडून एवढं म्हणजे खूपच होतं. मी घाट उतरेपर्यंत मनातल्या मनात भाषण पुन्हा एकदा केलं.

अक्काला मी दरवर्षी सोडाच, एकदाही नेलं नाही. मी मात्र जात राहिलो. जुनी ठिकाणं बघायचं मला वेडच आहे. यावलचा किल्ला, डोंगराच्या पायथ्याची पडकी हेमाडपंती देवळं, बुजलेल्या बारवा, धुळ्याकडची लेणी आणि ताम्रपट, तोरणमाळचं तळं आणि तिथल्या गुहा. प्रत्येक हिवाळ्यात दोन-चार फेऱ्या ठरलेल्या. प्रत्येक ठिकाणचा फलक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि चुका वहीत टिपतो. बायको म्हणते, तुम्ही ठिकाण बघायला जात नाही, पेपर तपासायला जाता.

आबांना जाऊन आता तीन पावसाळे झाले. यंदा जानेवारीत संग्रहालयाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. नवं दालन बांधून झालंय आणि दारातून आत शिरताच समोर आमची शिळा असणार आहे. तिच्याशेजारी मोठा फलक, त्यावर माझं अनुमान, आणि खाली 'शोध' असं लिहून माझं नाव. मजकूर तयार आहे, एकदा येऊन तपासा आणि सही करा, म्हणजे छपाईला देते. मी लगेच हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, हरखून गेलो होतो. माझ्यामागं राहील असं दुसरं काय होतं माझ्याजवळ? मुलांच्या वह्यांवरच्या लाल शाईला कोण विचारतं?

वाटेत गावी थांबलो तर अक्का ओट्यावर तयार बसलेली. नऊवारी नवी, पायात चप्पल, मांडीवर कापडी पिशवी. गावी शेती बघणाऱ्या चुलतभावाला मी फोनवर सांगितलेलं त्यानं तिच्या कानावर घातलं होतं.

"मले बी येनं हाये," म्हणाली.

"अक्का, घाट आहे. गाडी लागेल तुला."

"लागू दे. बाबाले पाह्यचं हाये. तू दरसाल नेनार व्हता नं? ने मंग यंदाचं साल."

मी गाडीचं पुढचं दार उघडलं. पिशवीतून केळीच्या फणीची टोकं बाहेर डोकावत होती.

दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, मग कापसाची मोकळी झालेली रानं, मग साग. पायथ्याच्या देवळापाशी सवयीनं थांबलो. मी खांबांवरचं नक्षीकाम दाखवू लागलो तसा अक्कानं आत जाऊन पिंडीवर हात ठेवला, बाहेर आली आणि पायरीवर बसली. मी बोलत होतो. ती पायरीजवळची दूर्वा उपटत होती. वीसेक मिनिटांनी तिनं विचारलं, "झालं का देवाचं?" आम्ही निघालो.

घाट संपला आणि जलाशय दिसला. यंदा काठोकाठ भरला होता. चहूबाजूंनी डोंगर, पाणी निळं, पलीकडच्या काठावर पाण्यात अर्धी बुडालेली सागाची वाळकी खोडं. मी गाडी थांबवली. अक्कानं खिडकीची काच खाली केली.

"एवढं पानी!" ती म्हणाली. "अन् आमी येक येक पाट राती उठून धरत व्हतो."

मग तिनं दोन्ही हात जोडले, डोंगराला की पाण्याला ते कळलं नाही.

संग्रहालयात शिरलो. नवं दालन ऐसपैस होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. शिळा समोरच, वीतभर उंच ओट्यावर, वरून दिवा सोडलेला. शेंदूर काढून ती स्वच्छ केली होती, त्यामुळे घोड्याचा लगामसुद्धा दिसत होता. प्रमुख बाई, पस्तिशीच्या, हसतमुख, पुढं आल्या. "या सर," म्हणाल्या, आणि छापायच्या मजकुराचा कागद माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला. 'डाव्या कडेवरील खोल खाच ही वीराच्या डावखुऱ्या पुत्राने आपल्या तलवारीस धार लावल्याची असावी.' वाक्य माझंच, लेखातून जसंच्या तसं उचललेलं. दुसऱ्यांनी टाइप केलेलं आपलं वाक्य किती भारदस्त वाटतं!

अक्का शिळेजवळ गेली होती. पहारेकरी हात लावू नका म्हणायला पुढं सरकला, पण बाईंनी त्याला खुणेनं थांबवलं. अक्कानं पिशवीतून फणी काढली, शिळेच्या पायाशी ठेवली, पदर सारखा केला आणि नमस्कार केला. मग ओट्याच्या कडेला बसली आणि शिळेच्या डाव्या कडेवरून हात फिरवला. बोटं खाचेत गेली. तिथंच राहिली.

"आबाचा विया," ती म्हणाली.

मी कागदातून मान वर केली. विया म्हणजे विळा.

"कसला विळा?"

"तुया बापाचा. काय रे, हातावानीच कड गुयगुयीत झाली हाये." ती खाचेत अंगठा घासत होती. "सकायी पाला काढाले, केयीच्या बुडाशी फुटेल पिलं कापाले निघाले की बठ्ठे लोकं अठीच धार लावत. बाकीचे तिकून. हा येकटा डाव्या हाताचा, म्हनून इकून. चाळीस वर्सं येकाच जागी."

मला आधी रागच आला. खरं सांगतो, राग. "अक्का, ह्या तलवारीच्या खुणा आहेत. शेकडो वर्षांच्या," मी म्हणालो. आवाज वर्गातला होता. बाई चमकून बघू लागल्या.

अक्का माझ्या आवाजाला थोडीच भिणार! तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मी गेलो आणि गुडघे मोडून खाली बसलो. तिनं डावा हात विळा धरल्यासारखा वळवला आणि खाचेतून ओढला. पुढं, मागं, पुढं. हात खाचेच्या वळणावर वळत होता. मी खाचेत बोट घातलं. मग दुसरं. खाच सरळ नव्हती. मधे पोट आलेलं, टोकाला आत वळलेली. तलवारीचं पातं लांब, तिची खाच सरळ पडते. ही विळ्याच्या पोटासारखी होती. एवढी वर्षं मी ती फोटोत पाहिली, मोजपट्टीनं मोजली, खोली लिहून ठेवली. बोट कधी घातलं नव्हतं.

आबा डावखुरे होते हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. लहानपणी शाळेत मास्तरांनी छड्या मारून लिहायचा हात बदलला, जेवायचा हात आजीनं बदलला, विळ्याचा हात मात्र कुणाला बदलता आला नाही, हे आबा स्वतः हसत सांगायचे. मी पाचवीपासून जळगावला काकांकडे शिकायला. सुट्टीत घरी यायचो तेव्हा उन्हं वर आल्यावर उठायचो. धार लावायची वेळ मी कधी बघितलीच नाही. पण नुसतं ते कारण नाही. डावखुरा म्हटल्यावर मला पाचशे वर्षांपूर्वीचा वीरपुत्र सुचला आणि शेजारच्या खोलीत जेवणारा बाप सुचला नाही. इतिहासात आपला बाप असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आबा तेव्हा इथंच होते," मी हळू म्हणालो. "मी भाषण केलं तेव्हा. त्यांनी सगळं ऐकलं."

"व्हय तं. घरी आला अन् हासून हासून डोये पुसत व्हता. म्हने, अक्का, पोरानं मले वीराचा पोरगा करून टाकलं, अन् हातात तलवार देली!" अक्का हसली. दात नसलेल्या तोंडानं, मनापासून. मग माझ्याकडे बघून थांबली. "तुले ठाऊकच नही? मले वाटलं, जातांना तरी सांगतलं असीन त्यानं."

"नाही सांगितलं. काबर नाही सांगितलं, अक्का?" बऱ्याच वर्षांनी माझ्या तोंडून 'का'ऐवजी घरचा 'काबर' आला.

"मी म्हनलं व्हतं, सांग त्याले. तं म्हने, नको. पोरगा चार लोकायमधी इतकं चांगलं बोलून राह्यला, मी कायले मधी तोंड घालू? माह्या खाचीनं त्याचं नाव होऊन राह्यलं तं होऊ दे." ती पुन्हा खाचेकडे वळली. "मले बी शपथ घातली. पन आता तो नही. अन् तुयी बी साठी झाली."

मी उठलो आणि बाहेर आलो. काठावर उभा राहिलो. पाणी तसंच निळं होतं, एक पाणकावळा बुडी मारून भलतीकडेच वर येत होता. आबा माझ्या पाऊण तासाच्या भाषणात टोपी हातात धरून उभे आहेत, स्वतःच्या चाळीस वर्षांच्या सकाळी दुसऱ्याच्या नावावर जाताना ऐकतायत, आणि उतरताना मला म्हणतायत, बरं बोलला. मला रडू आलं. साठी उलटलेल्या माणसानं काठावर उभं राहून रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी चष्मा पुसत राहिलो.

एक वाईट विचारही आला, तोही सांगून टाकतो. सही करून मोकळं व्हावं. अक्काला वाचता येत नाही. बाईंना अक्काची बोली पुरती कळली असेलच असं नाही. वीरपुत्र राहील, माझं नाव राहील, आणि खुद्द आबांचीच इच्छा तशी होती. मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्द्यांचं मला आयुष्यभर कौतुक वाटत आलंय.

मी आत गेलो आणि बाईंकडे पेन मागितलं. खाचेचं वाक्य खोडलं. 'शोध' खोडलं, आणि त्यापुढचं माझं नावही.

"सर?" बाई गोंधळल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शिळेपाशी जाऊन खाचेत स्वतः बोट घालून पाहिलं. हुशार बाई. त्यांना पटलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्यांची पंचाईत झालीय तेही दिसलं.

"पण सर, मग दर्शनी जागेचं अवघड होईल," त्या म्हणाल्या. "वीरगळ आपल्याकडं अजून चार आहेत. समितीनं ही निवडली ती त्या डावखुऱ्या मुलाच्या गोष्टीमुळं. विळ्याच्या खुणा म्हटल्यावर कदाचित मागच्या दालनात जाईल ती."

"जाऊ दे. खरं ते लिहा."

"मग काय लिहू?"

मी कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. माझ्या नेहमीच्या मानानं फारच साधं झालं. 'दोन्ही कडांवरील खाचा केळीच्या बागेत काम करणाऱ्यांनी विळ्यांना धार लावल्यामुळे पडल्या आहेत. डाव्या कडेवरील खाच एका डावखुऱ्या शेतकऱ्याची आहे.' पुढं आबांचं पूर्ण नाव आणि गाव घातलं. 'माहिती देणार' म्हणून अक्काचं. शेवटी, ही खाच तलवारीची असल्याचं पूर्वी या शेतकऱ्याच्या मुलानं छापलं होतं ते चूक आहे, असंही एक वाक्य जोडलं. नाहीतर जुना लेख वाचून आणखी कुणीतरी तेच लिहीत बसेल.

"वाच की मंग," अक्का ओट्यावरूनच म्हणाली. "काय लिव्हलं ते."

मी तिच्याजवळ बसून वाचलं. हळू वाचलं. आबांचं नाव आलं तेव्हा तिनं मान हलवली, स्वतःचं आलं तेव्हा "माहं कायले!" म्हणून तोंडावर पदर घेतला. माझ्या चुकीबद्दलचं वाक्य आलं तशी तिची मान थांबली. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा शिळेच्या कडेवर हात ठेवला.

"त्याले राग येईन," ती म्हणाली.

"कुणाला? आबांना? का?"

"लोकायसमोर पोराची चूक काहाडली म्हने. त्याच्याचसाठी तं तो इतके वर्सं चूप बसला."

बाई पेन पुढं करून उभ्या होत्या. मी पेन घेतलं आणि त्या शेवटच्या वाक्याखाली सही केली.